आधी दगड बघा, मग नक्षी

देऊळ बघायला गेलं की आपण काय करतो, चपला काढतो, मान वर करतो, "काय कोरलंय बघ" म्हणतो, चार फोटो काढतो आणि बाहेर येऊन उसाचा रस पितो. मीपण कित्येक वर्षं हेच करत होतो. मग एकदा मुंबईत म्युझियमसमोर उभं राहून मित्रांना छातीठोकपणे सांगितलं की हा पिवळा दगड राजस्थानातून आणलाय, वालुकाश्म आहे वगैरे. बरोबर एका मित्राचे मामा होते, सगळी नोकरी बांधकामावर गेलेली, ते शांतपणे म्हणाले, "मालाडचा आहे रे तो. इथलाच." पुढचा अर्धा तास मी काही बोललो नाही.

त्यानंतर सवयच लावून घेतली, इमारतीपुढे गेलं की आधी दगड बघायचा आणि मग नक्षी. आणि हळूहळू कळलं की नक्षी कशी असेल हे निम्मं दगडच ठरवतो, कारागीर कितीही मोठा असला तरी. ते कसं बघायचं हे लिहितोय. मी जिऑलॉजिस्ट नाही, हौशी माणूस आहे, तेव्हा त्याच मापाने घ्या.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग (सोनाराकडे असतं तसलं), एक टॉर्च, पाण्याची बाटली ती फक्त पिण्यासाठी, आणि वेळ सकाळी लवकरची नाहीतर साडेचार-पाचनंतरची. दुपारी बाराच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं, उन्हाची तिरीप आडवी आली की तीच भिंत एकदम उठून येते. आत अंधार असेल तर टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला चिकटवून आडवा धरा, टाकीचे घाव, पुसट अक्षरं, सगळं सावलीमुळे दिसायला लागतं. पाऊस पडून गेल्यावर गेलात तर फारच उत्तम, कारण ओल्या दगडातले दाणे आणि रंग कोरड्यापेक्षा दुप्पट स्पष्ट दिसतात.

सुरुवात मात्र घरातून करा, खरंच. स्वयंपाकाचा काळा ओटा कडप्प्याचा असेल तर तो चुनखडक आहे, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर सांडून राहिलं की तिथे पांढुरका डाग पडतो तो घासून जात नाही, कारण तो डाग नसतोच, तिथला दगडच आम्लाने खाल्लेला असतो. शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर यांचंही तेच, सगळे कॅल्शियम कार्बोनेटच्या कुळातले. उलट ग्रॅनाइटच्या ओट्याला लिंबाने काही होत नाही. आता गंमत अशी की दुकानात ज्याला ग्रॅनाइट म्हणतात ते सगळं ग्रॅनाइट नसतं, ते ब्लॅक गॅलक्सी नावाचं काळं, सोनेरी ठिपक्यांचं जे मिळतं ते आंध्रातल्या चिमाकुर्तीचं, आणि शास्त्राच्या भाषेत ते गॅब्रो नावाच्या वेगळ्याच काळ्या दगडाच्या जातीचं आहे. दुकानदाराच्या लेखी कठीण आणि पॉलिश घेणारा दगड म्हणजे ग्रॅनाइट, विषय संपला.

आणि पाटा-वरवंटा असेल घरात तर तो बाहेर काढा. आमच्या आजीचा अजून आहे. देशावरच्या घरांत तो बहुतेक काळ्या दगडाचाच असतो, म्हणजे बेसॉल्ट, ज्या दगडात आपली निम्मी देवळं आणि जवळजवळ सगळे घाटमाथ्यावरचे किल्ले आहेत तोच. पूर्वी "टाकीयेऽऽ" ओरडत बायका दारावर यायच्या, पाटा गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीने त्याला परत बारीक खड्डे पाडून द्यायच्या, टाकी लावणं म्हणायचे त्याला. ते खड्डे बोटाने चाचपून बघा आणि डोक्यात ठेवा. देवळाच्या मागच्या भिंतीवर, जिथे कोणी बघत नाही म्हणून पॉलिश केलेलं नसतं, तिथे हेच खड्डे रांगेत सापडतात, फक्त नऊशे वर्षं जुने.

आता हा काळा दगड

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसाच्या थरांवर बसलाय हे शाळेत होतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, जमिनीला भेगा पडून लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. सह्याद्रीचा कडा लांबून बघितला की पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून बिल्डिंगांच्या गर्दीत साठेक मीटर उंच उभा खडक आहे ना, तोही बेसॉल्टच, थंड होताना आकसून उभे खांब पडलेला.

लाव्हा जमिनीवर येऊन झटपट थंड होतो त्यामुळे बेसॉल्टचे दाणे इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना एकसारखा काळा-राखाडी दिसतो. भिंग लावलं की पांढरट काड्या दिसतात ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, काळपट हिरवे कण ते पायरॉक्सिन. शिवाय त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतं, घरी दगडाचा तुकडा असेल तर चांगलं जोरदार चुंबक दोऱ्याला टांगून जवळ न्या, बऱ्याचदा किंचित ओढलं जाताना दिसतं. वजनाला पण भारी, एक घनफूट म्हणजे ८० किलोच्या वरच. देवळाच्या तुळईकडे बघून जरा लांबी-रुंदी-जाडी मनात गुणून बघा, घाम फुटतो.

पण सगळा काळा दगड सारखा नाही आणि इथेच बघायची खरी मजा सुरू होते. लाव्हाच्या थराचा मधला भाग घट्ट, निबर, त्याला आपल्याकडे काळवत्री म्हणतात, मूर्तीला तो लागतो. वरचा भाग म्हणजे दुधाच्या उकळीसारखा, वायूचे बुडबुडे वर येऊन अडकलेले, त्यामुळे भोकंच भोकं. नंतर लाखो वर्षं पाणी झिरपून त्या भोकांत खनिजं भरली. म्हणून देवळाच्या भिंतीवर वाटाण्याएवढे, कधी बोराएवढे पांढरे ठिपके दिसतात. लोकांना वाटतं चुन्याचे डाग आहेत किंवा कुणीतरी सिमेंट भरलंय. मलाही वाटायचं.

सिन्नरच्या गोंदेश्वराला मी एका स्त्रीमूर्तीपुढे दहा मिनिटं उकिडवा बसलो होतो. तिच्या मांडीवर बरोब्बर मध्यभागी हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका. भिंगातून बघितलं तर आत सुयाच सुया, एका बिंदूतून चारी बाजूंना निघालेल्या, शेवंतीसारख्या. झिओलाइट, भोकांत भरलेल्या त्या खनिजांपैकीच एक. कारागिराची छिन्नी त्याच्यावरून तशीच गेलेली, मांडीची गोलाई कुठेही मोडलेली नाही, ठिपका अर्धा कापला गेलाय आणि म्हणूनच त्याच्या पोटातल्या सुया दिसतायत. जरा वर खांद्यापाशी तसाच एक खड्डा, रिकामा, तिथला ठिपका कधीतरी गळून पडला. झिओलाइट बेसॉल्टपेक्षा मऊ, ऊन-पाऊस खाऊन आधी तो जातो. म्हणजे मूर्तीच्या अंगावर खड्डे दिसले की दरवेळी "मूर्तिभंजकांनी फोडलं" म्हणायची घाई करू नका, खड्डा गोल आणि कडा गुळगुळीत असतील तर ते बहुतेक निसर्गाचं काम. घाव घातलेला असेल तर कड तीक्ष्ण असते, टवका उडालेला असतो.

ठिपके ओळखायची ढोबळ पद्धत सांगतो. सुयांचा गुच्छ असेल तर स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. पेंढी मध्ये आवळून बांधावी तसा आकार आणि फिकट गुलाबी-पीच रंग असेल तर स्टिल्बाइट. काचेसारखा स्वच्छ, चौकोनी ठोकळ्यासारखा, कधी फिकट हिरवा असेल तर अपोफिलाइट, पुण्याच्या पाषाण टेकडीचा हिरवा अपोफिलाइट तर जगभरच्या संग्रहांत आहे (तांत्रिकदृष्ट्या तो झिओलाइट नाही पण राहतो त्यांच्याच घरात). तिरक्या चौकटीत फुटणारा पांढरा म्हणजे कॅल्साइट. दुधी, गारेसारखा, कठीण असेल तर गारगोटी नाहीतर तिचाच भाऊ अकीक, त्यात कांद्यासारखे पट्टे असतात. भोकाच्या आतल्या कडेला मळकट हिरवा लेप असेल तर सेलाडोनाइट, शेवाळ समजून नखाने खरवडू नका. झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने दिलं, ग्रीकमध्ये अर्थ "उकळणारा दगड", कारण तापवला की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि तो खदखदल्यासारखा दिसतो.

भिंतीत ओळखायला जड जात असेल तर सिन्नरलाच गारगोटी म्युझियम आहे, तिथे हीच खनिजं हाताएवढी, डोक्याएवढी बघायला मिळतात, वाघोलीच्या खाणींतला तो निळाजर्द कॅव्हनसाइट पण. आधी म्युझियम आणि मग गोंदेश्वर असा क्रम ठेवा, एका दिवसात आरामात होतं.

हेमाडपंती म्हणण्याआधी

जुनं काळं देऊळ दिसलं की आपण हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री म्हणजे हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. आणि अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातलं. हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचं देऊळ हेमाडपंती कसं असेल? चुना न घालता दगडावर दगड बसवायची रीत त्याच्या आधीपासून होती, नाव मात्र त्याला चिकटलं. असो, भांडू नका कुणाशी, सांधे बघा.

सांधे बघायचे म्हणजे कसं, भिंतीचा कोपरा ढासळलेला असेल किंवा आवारात जुने दगड मांडून ठेवलेले असतील तिथे जा. एका दगडाला खोबण आणि दुसऱ्याला कुसू, सुताराच्या जोडासारखं, वरून वजन आलं की आपोआप घट्ट बसतं. फटीत पांढरं काही दिसलं तर ते बहुतेक नंतरच्या डागडुजीतलं. आवारातले हे पडलेले दगड फुकटची शाळा आहे, तुटलेल्या कडेला दगडाचा खरा रंग दिसतो, भिंतीवर नऊशे वर्षांची काजळी, शेंदूर, तेल आणि शेवाळ बसलेलं असतं.

आता नक्षी, आणि ती बघायची खालून वर, जसं बांधलं तसं. जोत्याच्या पट्ट्यांपासून सुरू करा. खिद्रापूरच्या कोपेश्वराला खाली हत्तींची रांगच आहे, सगळं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी. मग भिंतीवरच्या देवता, सुरसुंदरी (सुंदर स्त्रियांच्या मूर्ती), व्याल (सिंहासारखं काल्पनिक जनावर), मग शिखर, वर आवळ्यासारखा आमलक आणि कळस. ही नावं पाठ करायची गरज नाही, त्यापेक्षा प्रत्येक गोष्टीला विचारा की तू इथे काय काम करतेस. बरीचशी नक्षी कामाची असते. खांबाच्या डोक्यावर चार हातांनी छत पेलणारे बुटके कीचक बघा, पोट सुटलेले, डोळे बाहेर आलेले. त्या जागी खरोखरच तुळईला आधार लागतो. दगडाला दाब कितीही द्या चालतो पण ताण सोसत नाही, लांब तुळई मध्ये तडकते, म्हणून खांब जवळजवळ आणि वर रुंद हस्त, म्हणजे खांबाच्या डोक्यावर बाजूंना पुढे आलेले आधार. छत बघा, चौकोनावर तिरका चौकोन, त्यावर अजून लहान, किंवा वर्तुळात वर्तुळ, प्रत्येक थर जरासा पुढे आणून वरचं भोक लहान करत नेलेलं. शेवटी मधोमध कमळ. ते कमळ सुंदर आहेच पण ते शेवटचं भोक बंद करणारं झाकण पण आहे. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि ते झाकण ठेवलेलंच नाही, वर गोल आकाश उघडं, तिथे खाली उभं राहिलं की वरचं सगळं गणित समजतं.

गाभाऱ्याच्या बाहेर उत्तरेच्या भिंतीला बहुतेक ठिकाणी मकराचं किंवा गाईचं तोंड असतं, अभिषेकाचं पाणी बाहेर सोडायला. शिखराखालचे पुढे आलेले पट्टे पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकतात. पट्ट्याच्या खालच्या बाजूला हात घालता आला तर बोटाला एक बारीक पन्हळ लागते, पाणी तिथे अडून थेंबाने खाली पडावं म्हणून. कोकणातला पाऊस ज्याने बघितलाय त्याला याची किंमत सांगायला नको.

आणि आता तो प्रश्न जो प्रत्येक ट्रिपला कुणीतरी विचारतंच, की बेलूर-हळेबिडूसारखं बारीक, दागिन्यासारखं काम आपल्याकडे का नाही, आपले कारागीर कमी होते का? नव्हते हो. बेलूर-हळेबिडू बांधणाऱ्या होयसळ राजांचा दगड वेगळा. तो संगजिऱ्याच्या जातीचा, खाणीतून निघताना मऊ, जवळजवळ लाकडासारखा कोरता येतो, हवेत राहून मग कठीण होतो. त्यात मूर्तीच्या गळ्यातला हार अंगापासून सुटा कोरता येतो, दोरा ओवावा इतका. बेसॉल्टमध्ये तेवढा बारीक भाग सुटा करायला गेलं की एखादा बुडबुडा आडवा येतो आणि तुकडा हातात. म्हणून आपल्याकडे गोलाई, ठसठशीत घडण, खोल सावल्या. मला तर अंबरनाथच्या मागच्या भिंतीवरच्या संध्याकाळच्या सावल्या हळेबिडूपेक्षा जास्त आवडतात, पण हे माझं मत, कर्नाटकातल्या मित्रांनी रागावू नये. विदर्भात मार्कंड्याला जाऊन बघा, वैनगंगेच्या काठी, तिथे दगड बेसॉल्टचा नाही, वालुकाश्म आहे, आणि लगेच हात बदललेला दिसतो, मूर्ती दाटीवाटीने, बारकावे जास्त.

फोर्टातली फेरी

मुंबईकरांना एवढं लांब जायची गरज नाही. रविवारी सकाळी सात वाजता गेटवेला उतरा, गर्दी नसते, आणि तिथून चालत सीएसएमटीपर्यंत या. दोन-अडीच तासांत चार-पाच जातींचे दगड बघून होतात.

गेटवेचा पिवळसर दगड खारोडीचा, पुस्तकात पिवळा बेसॉल्ट लिहितात. उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. पुढे म्युझियम, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जिथे माझी फजिती झाली. इथे दोन दगड शेजारी-शेजारी आहेत, करडा-निळसर तो कुर्ल्याचा बेसॉल्ट आणि लोण्याच्या रंगाचा तो मालाडचा ट्रॅकाइट. म्हणजे तोही ज्वालामुखीचाच, पण रसायन वेगळं, सिलिका जास्त, लोखंड कमी, म्हणून फिकट. मालाड, मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात असे फिकट खडक आहेत. वालुकाश्म आणि हा यात फरक कसा करायचा तर भिंगातून बघा, वालुकाश्मात साखरेसारखे सुटे दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि बऱ्याचदा आडवे थर असतात, ट्रॅकाइटमध्ये दाणे सुटे दिसत नाहीत, एकजीव पिठात मधूनच चमकती फेल्डस्पारची काडी. रस्ता ओलांडून जवळच डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची, तीही मालाडच्या पिवळ्यातली.

मग हायकोर्ट, १८७८ ला पूर्ण झालेलं, काळ्या स्थानिक दगडाचं. इथल्या खांबांवर एक माकड आहे, न्यायाधीशाच्या थाटात, हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी. आणि वकिलाच्या पांढऱ्या फिती लावलेला कोल्हा. कंत्राटदाराने पैशांच्या भांडणात उगवलेला सूड अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे, पण माकड आहे. आत सहज सोडत नाहीत, सुरक्षा असते, चौकशी करून जा. शेजारी राजाबाई टॉवर, कुर्ल्याच्या फिकट दगडाचा, २८० फूट, वर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे, पागोट्यांवरून ओळखायचे.

हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन हा यातला पाहुणा. १८६४ चं, आणि दगड थेट इंग्लंडमधून आणलेला पोर्टलंड स्टोन, ज्युरासिक काळातला चुनखडक. माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे असतात त्यात. मध्ये कित्येक वर्षं त्यावर रंगाचे थर चढवलेले होते, अलीकडच्या डागडुजीत ते काढले, २०१९ ला परत खुलं झालं.

सीएसएमटी सगळ्यात शेवटी ठेवा कारण तिथे तास जातो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या आर्किटेक्टचं काम, १८७८ ला सुरू. बाहेरच्या कोरीव कामात पोरबंदरचा दगड भरपूर, आत इटालियन संगमरवर. पोरबंदरचा दगड म्हणजे चुनखडकच, पण समुद्रातल्या मिलिओलिड नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं आणि गोल दाणे मिळून झालेला. भिंगातून रव्याच्या लाडवासारखा दिसतो. मऊ, म्हणून मोर, माकडं, पानंफुलं इतकी खोल आणि मोकळी कोरता आली. काम केलं जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी, म्हणून गॉथिक, म्हणजे जुन्या युरोपी चर्चच्या धाटणीच्या खिडकीच्या कोपऱ्यात आपल्याकडची खार आणि आपल्याकडची पानं सापडतात, शोधा. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ, सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. आणि वर वाकून तोंड वासलेली जनावरं दिसतात ना, ती गॉथिक रीत पन्हळाची, छताचं पाणी भिंतीपासून लांब फेकायची. म्हणजे देवळाच्या मकरमुखाची विलायती चुलत भावंडं.

वेळ उरला तर क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जा, १८६९, कुर्ल्याच्या फिकट दगडात वसईच्या लाल दगडाचे पट्टे, दारावरचं उठावाचं शिल्प लॉकवूड किपलिंगचं, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांचं. फरशी स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणलेली. आंबे घेता घेता कोण बघतंय म्हणा.

कोकणात गेलात तर सगळं शिकलेलं जरा बाजूला ठेवा. तिथे जांभा. बेसॉल्टच कुजून, पावसाने त्यातलं बाकी सगळं धुऊन जाऊन लोखंड आणि अल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली की जांभा होतो, म्हणून तो गंजाच्या रंगाचा आणि पोळ्यासारखा भोकाभोकांचा. खाणीतून चिरा काढताना मऊ, हवेत वाळला की कठीण. भिंतीला एक नंबर, पण कोरायला शून्य, नाक काढायला गेलं तर नाकाच्या जागी भोक. त्यामुळे कोकणातल्या देवळात नक्षी शोधायची ती लाकडात आणि चुन्याच्या गिलाव्यात. जुन्या गोव्यातलं बॉम जीझसचं चर्च, १६०५ चं, हे याचं मस्त उदाहरण, भिंती जांभ्याच्या आणि दर्शनी बाजूची नक्षी, वरची आयएचएस अक्षरं (येशूच्या नावाची खूण), ती मात्र बेसॉल्टमध्ये. आज ते जे लाल-तपकिरी दिसतं तसं ते मुळात नव्हतंच, वर चुन्याचा गिलावा होता, १९५० च्या दशकात तो काढून टाकला आणि तेव्हापासून जांभा पावसात झिजतोय. फोटोत छान दिसतं हे मान्य.

गिलाव्याची दुसरी गंमत बीबी का मकबरा. सगळा संगमरवरी वाटतो, पण संगमरवर खाली कमरेएवढ्या पट्ट्याला आणि वर घुमटाला, मधला मोठा भाग बेसॉल्टवर पांढरा गिलावा. कसं ओळखायचं? संगमरवराला सांधे असतात, शिरा असतात, स्फटिक उन्हात चमकतात. गिलाव्याला सांधा नाही आणि कुठेतरी पोपडा निघालेला असतोच.

आजारी दगड पण ओळखता यायला हवा. चुनखडकाच्या इमारतीवर, पाऊस पोचत नाही अशा कोपऱ्यात काळी खपली धरते, ती नुसती धूळ नाही, हवेतल्या गंधकाच्या वायूने कार्बोनेटचं जिप्सम होतं आणि त्यात काजळी अडकते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पावडर म्हणजे लोणा, जमिनीतलं खारं पाणी चढून वाळलेलं. आणि सगळ्यात मोठा आजार म्हणजे आपलं प्रेम. आमच्या गावाकडच्या एका जुन्या देवळाला जीर्णोद्धाराच्या वेळी ऑइल पेंट दिला, खांब पिवळे, कीचक निळे, ओठ लाल. त्या खांबांवर झिओलाइटचे सुंदर ठिपके होते, लहानपणी मी ते मोजायचो. शिवाय रंगामुळे आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, दोन वर्षांत रंगासकट दगडाचे पापुद्रे निघायला लागले. फटीत सिमेंट भरल्यानेही असंच होतं, जुन्या बांधकामाला चुनाच लागतो.

म्हणून हात आवरा. मी वर लिंबाचं, चुंबकाचं जे काही लिहिलंय आणि आता ओरखड्याचं सांगतोय ते घरच्या तुकड्यावर करायचं. घरी नख, जुनं तांब्याचं नाणं, चाकू असा क्रम लावून बघा, कॅल्साइटवर नाण्याचा ओरखडा जेमतेम येतो, चाकूचा सहज, आणि गारगोटी उलटी काचेवरच ओरखडा काढते. देवळात किंवा किल्ल्यावर यातलं काहीही नाही, शिलालेख वाचायला खडू किंवा पीठ चोळणं पण नाही, वर सांगितलेला आडवा टॉर्च पुरतो.

शेवटचं एक, किल्ल्यावर गेलात की विचारा हा एवढा दगड आणला कुठून. उत्तर बऱ्याचदा पायाशीच असतं, पाण्याच्या टाकीत. टाकं खोदलं, त्यातून निघालेला दगड तटाला लावला, खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. रायगडावर गंगासागराची अशीच कथा. पाणी कमी झालेल्या उन्हाळ्यात टाक्याच्या काठाशी वाकून बघा, एका रेषेत ओळीने चौकोनी खाचा दिसतात, दोन बोटं जातील एवढ्या. त्या पाचरी ठोकायच्या. कधीकधी सगळी ओळ खोदून ठेवलेली असते आणि दगड काढलेलाच नसतो, खाचांत पाणी साठलेलं आणि त्यात बेडकाची पिल्लं.